अक्का, ते ताकदीचं इंजेक्शन नव्हतं

अक्का, बाळापूरच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला होता. दुकानाच्या आसपासच्या मित्रांनी मला न विचारता छापून आणला. फोटो माझ्या लग्नातला. छापणाऱ्यानं तुझा रंग उजळवला आणि हनुवटीवरचं गोंदण पुसून टाकलं. खाली शोकाकुल म्हणून माझं नाव, आणि त्याच्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात माझ्या मेडिकलचं नाव. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः शिडी लावून तो काढला. बघणारे म्हणाले, भावाला बघवत नाही. बघवत नव्हतंच. का, ते मी कुणाला सांगितलं नाही.

तेराव्याला मला बोलायला उभं केलं. "अक्कानं मला आईसारखं सांभाळलं," एवढं म्हणून मी खाली बसलो. तुला ते ऐकून हसू आलं असतं. आपली आई चांगली धडधाकट होती, तू मला कधी सांभाळलं नाहीस. तू मला शेतात, पाण्यावर, यात्रेत सगळीकडे चिडवायचीस आणि मी तुझ्या मागं मागं हिंडायचो. पण तेराव्याला असलं कोण बोलतं?

तुझं सासर सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, पाऊणशे मेंढरं-शेळ्यांचं घर. दाजी अबोल. कळपाची सगळी डॉक्टरकी तुझ्याकडे. सरकारी दवाखान्यातल्या माणसानं एकदा मेंढराला लस टोचताना तू नीट बघितलंस, आणि पुढच्या वर्षीपासून पावसाळ्याआधीची लस तूच टोचायला लागलीस. एका हातानं मेंढराची कातडी चिमटीत धरायची, दुसऱ्या हातानं सुई. मी डी. फार्मसी करून दुकान टाकलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तू फळ्यांवरनं नजर फिरवून म्हणालीस, "सगळं मानसाचंच हाय की. मेंढराचं काहून ठेवीत न्हाईस?" तुझ्यासाठी म्हणून मी खनिजाच्या विटा मागवल्या. तू त्या मेंढवाड्यात दोरीनं टांगायचीस आणि मेंढरं जिभा लावून चाटायची. "मेंढरू माती चाटून राहिलं की त्याला मारू न्हाई," तू मला सांगायचीस. "त्याच्या अंगात कायतरी कमी पडलंय म्हनून ते करतंय."

हे तुला कळत होतं. म्हणूनच मला आज जास्त चीड येते. तुझी नाही. माझी.

तुझा घास छातीखाली अडकायला लागला, तेव्हा तू आधी माझ्याकडे आलीस. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. पाच महिने देत राहिलो. तुझं लुगडं कमरेला दुहेरी बसायला लागलं, तरी मी म्हणालो, उन्हाळ्यात भूक कमी होतेच. शेवटी दाजींनीच तुला नांदेडला नेलं. दुर्बिणीतून बघितलं आणि जठराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. सगळं जठर काढून टाकलं, अन्ननळी खाली आतड्याला जोडली.

घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तुम्ही फार्मासिस्ट आहात, तुम्हाला समजेल, म्हणाले. मग एका कागदावर लिहीत लिहीत त्यांनी सांगितलं की बी-ट्वेल्व्ह अंगात मुरायला जठरातून एक द्रव्य सुटावं लागतं. आता जठरच नाही, म्हणजे ते द्रव्य नाही. अंगात साठा आहे तोवर काही दिसणार नाही, पण तो संपला की रक्त कमी होईल, नसा खराब होतील, आणि नसा एकदा खराब झाल्या की परत येतीलच असं नाही. म्हणून दर महिन्याला इंजेक्शन. मरेपर्यंत. शिवाय लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वरचेवर रक्ताची तपासणी. "बाकी काही चुकलं तर चालेल," ते म्हणाले, "हे इंजेक्शन चुकवू नका."

मी मान डोलावून बाहेर आलो. तू बाकावर बसली होतीस. "काय म्हनला डाक्टर?"

"काही नाही. महिन्याला एक ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं."

एवढंच सांगितलं मी तुला. तुला अक्षरओळख नाही, तुला काय कळणार, असं वाटलं. टांगलेल्या विटेचं उदाहरण दिलं असतं तरी तुला डॉक्टरांपेक्षा बरोबर कळलं असतं. अक्का, तुझ्या आतलं चाटणच बंद झालंय, आता ते सुईनंच द्यायचं, इतकं एक वाक्य पुरलं असतं. मी दुकानात जो शब्द दिवसाकाठी पन्नासदा वापरतो, तो तुझ्या तोंडावर मारला. टॉनिक मागणाऱ्याला ताकदीचं, सलाईन मागणाऱ्याला ताकदीचं, तुलाही ताकदीचं.

पहिलं वर्ष मी चुकलो नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोटरसायकल काढायची, लाल औषधाची ती बोटभर कुपी खिशात. तू तोवर थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा खायला शिकली होतीस. पदराच्या गाठीत भाकरीचा तुकडा बांधून मेंढरांमागं जायचीस. ते दिवस चांगले होते, हे मला तुला सांगायचं राहिलं. मी यायचा दिवस तुला बरोबर ठाऊक असायचा आणि तू चहाला शेळीचं दूध राखून ठेवायचीस. मी नाक मुरडायचो आणि प्यायचो.

एकदा मी सुई भरत होतो आणि तू म्हणालीस, "मला शिकीव ना. मी सोताच टोचून घेईन. तुला दर खेपेला एवढ्या लांब यायची तकलीफ."

"माणसाचं इंजेक्शन आणि मेंढराचं सारखं नसतं, अक्का."

"सुई तर सारखीच दिसून राहिली."

"नको म्हटलं ना. काही वाकडंतिकडं झालं तर माझ्यावर येईल."

तू पुन्हा विचारलं नाहीस. खरं सांगतो, वाकडं काही होणार नव्हतं. पाऊणशे जनावरांना टोचणारा तुझा हात माझ्यापेक्षा हलका होता. तुला शिकवायचं नव्हतं, तर सुरेखाला तरी शिकवता आलं असतं. तुझी सून बारावी झालेली. पण मला तुझ्या दारात दर महिन्याला मोठं होऊन यायचं होतं. डॉक्टर आला, डॉक्टर आला, असं गल्लीतली माणसं म्हणायची. मला ते आवडायचं.

आणि मग ते डबे.

ऑपरेशननंतर तू केमो घेत होतीस तेव्हाच मी ते आणायला सुरुवात केली होती. दुकानात येणाऱ्या कंपनीच्या माणसानं कॅन्सरच्या पेशंटसाठी म्हणून माहितीपत्रक दिलं होतं. चार तऱ्हेच्या कॅप्सूल, दोन तऱ्हेची पावडर. जीवनसत्त्वं, जस्त, सेलेनियम, हिरव्या पानांचा अर्क, काय काय. मला ते पटलं होतं का? थोडं पटलं होतं. आपलं माणूस वाळत चाललंय हे बघताना हातात काहीतरी असावं असं वाटतं. केमो देणाऱ्या डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की, केमो चालू असताना मोठ्या मात्रेची असली जीवनसत्त्वं द्यायची नाहीत, औषधाच्या कामात अडथळा येऊ शकतो. मी तुला म्हणालो, सध्या बंद ठेव, नंतर घेऊ. केमो संपल्यावर मी ते परत सुरू केले.

तुला ते डबे मी फुकट दिले. हे मी कित्येकदा स्वतःला सांगून बघितलंय. पण फुकट कुठं होते? कोणी घरातला आजारी माणूस घेऊन दुकानात आला की मी म्हणायचो, "माझ्या सख्ख्या बहिणीला हेच देतो. जठर काढलंय तिचं. बघा जाऊन, मेंढरांमागं हिंडते." आणि डबा खपायचा. अक्का, तू बरी होतीस ती ऑपरेशनमुळं, केमोमुळं आणि त्या बोटभर लाल कुपीमुळं. त्याचं नाव मी डब्यांना देत होतो.

बाजारात तुला कोणीतरी बाई भेटली. तिच्या नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तिनं तुला ओळखलं, तुझ्या पाया पडली आणि विचारलं, तुमी त्या डब्यांनीच बऱ्या झालात ना, भाऊ म्हनले. त्याच महिन्यात सुरेखानं तुझी औषधांची सगळी पिशवी नांदेडच्या डॉक्टरांसमोर टेबलावर रिकामी केली. त्यांनी लोह आणि कॅल्शियम बाजूला काढलं, इंजेक्शन चालू आहे ना विचारलं, आणि बाकीचं पिशवीत परत घालून म्हणाले, याची गरज नाही.

मी इंजेक्शन द्यायला आलो, तेव्हा तू वाड्याच्या तोंडाशी बसली होतीस. डबे ओळीनं मांडून ठेवले होते. दाजी आत होते, पण सगळं ऐकत होते.

"हे घिऊन जा," तू म्हणालीस.

"काय झालं?"

"त्या बाईचा नवरा मेला, दिगू. कालच निरोप आला."

"तो डब्यांनी मेला का? त्याचा आजार वाढला होता."

"मेला कशानं ते मला मालूम न्हाई. ती बाई माझ्या पाया पडली व्हती. मी बरी दिसते म्हनून तिनं ते घेतलं. तू मला तुझ्या दुकानाची पाटी केलंस."

मी तेव्हाच गप्प बसलो असतो तर तू आज असतीस. निदान चालती-फिरती असतीस. पण मला तुझ्यापेक्षा दाजींनी ऐकलं याची लाज वाटली, आणि लाज वाटली की माझं तोंड सुटतं, हे तुला लहानपणापासून माहीत.

"एवढं असेल तर माझ्या हातचं काहीच घेऊ नकोस मग."

"न्हाई घेत."

"इंजेक्शनपण नको?"

"न्हाई. ताकदीचंच हाय ना? आली ताकद."

कुपी माझ्या खिशात होती. ती तशीच खिशात घेऊन मी परत बाळापूरला आलो. वाटेत दोनदा गाडी हळू केली, वळवली नाही.

पुढं मी स्वतःची समजूत घालत राहिलो. गावात नर्स येते, तिच्याकडून घेत असेल. सुरेखा हुशार आहे. नांदेडला जात असेल, तिथं देत असतील. एक फोन केला असता तर कळलं असतं की तू यातलं काहीच करत नव्हतीस. सुरेखानं दोनदा विषय काढला, तर तू तिला म्हणालीस, मी ठणठणीत हाय, ते काय औषध न्हाई, ताकदीचं हाय. माझेच शब्द. भाऊबीजेला तू दुसऱ्याच्या हाती करंज्या पाठवल्यास, मी त्याच्याच हाती साडी पाठवली. दोन दिवाळ्या अशा गेल्या.

तिकडं तुझ्या अंगातला साठा संपत होता. हे सगळं मला नंतर सुरेखानं सांगितलं. तुझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग पायातली चप्पल वाटेत निघून पडायची आणि तुला कळायचं नाही, एका पायानं अनवाणी घरी यायचीस. मेंढरं आत घेताना मोजणी चुकायला लागली. जीभ लाल, गुळगुळीत झाली, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. आणि एक दिवस सुरेखानं बघितलं की तू चुलीमागच्या भिंतीचा पोपडा काढून खाऊन राहिली आहेस.

"मामी, हे काय?"

"बरं वाटतं," तू म्हणालीस.

मेंढरानं माती चाटली असती तर तू सगळा गाव डोक्यावर घेतला असता. स्वतःचं तुला उमगलं नाही, की उमगलं आणि तू हट्टानं गप्प बसलीस? हे मला तुला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

गावानं निकाल देऊन टाकला होता की बिमारी परत आली. दाजींचा मला फोन आला तो तसाच. "येऊन जा. शेवटचं भेटून जा." मी आलो. तू खाटेवर बसली होतीस. मी तुला जीभ दाखव म्हणालो. तू दाखवलीस, आणि अक्का, मला तिथंच सगळं कळलं. नापास पोरालाही कळावं असं ते होतं.

नांदेडला सगळ्या तपासण्या झाल्या. दाजी बाहेर तुझ्याजवळ होते, डॉक्टरांनी मला आत घेतलं. तेच डॉक्टर. ते म्हणाले, कॅन्सर कुठंही नाही. स्कॅन स्वच्छ आहे. मग रक्ताचा कागद माझ्यासमोर सरकवला. "इंजेक्शन कोण देत होतं?"

"मी."

"शेवटचं कधी दिलंत?"

मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि औषधं लिहायला घेतली.

मग मी तुझ्या घरी मुक्कामच टाकला. रोज एक इंजेक्शन, मग आठवड्याला एक. तू मुकाट्यानं दंड पुढं करायचीस. तिसऱ्या आठवड्यात तुझी जीभ भरून आली. तू सुरेखाकडून ठेचा मागून घेतलास, भाकरीला लावून खाल्लास, आणि माझ्याकडं बघून हसलीस. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या एका घासाबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी आहे. मला वाटलं, सुटलो.

पण पाय परत आले नाहीत. जमीन पायाखाली कळत नव्हती तुला. काठी घेऊन तू वाड्यापर्यंत जायचीस, कोणी बघत नसलं की काठी सोडून. तशीच एकदा उंबऱ्याला अडखळलीस आणि खुबा मोडला. हाडंही ठिसूळ झाली होती, कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा माझ्या हातच्या म्हणून तू बंद केल्या होत्यास. मग खाट. मग छातीत कफ. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा धोका सांगितला, आणि ते ठरायच्या आत न्यूमोनियानं तुला गाठलं.

तू जायच्या आदल्या दिवशी दुपारी आपण दोघंच होतो. तू विचारलंस, "कॅन्सर न्हाई ना?"

"न्हाई अक्का."

"मंग काहून उठता येईना?"

मी तुझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. तू वरच्या पत्र्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "तू यायला पायजे होतास, दिगू."

आणि मी काय बोललो ते तुला माहीत आहे. मरायला टेकलेल्या माणसाला मी म्हणालो, "तू बोलवायला पायजे होतंस."

तू डोळे मिटलेस. त्यानंतर आपण काही बोललो नाही. चुकलो, एवढा एक शब्द माझ्या तोंडात तयार होता, पण ते दुसरं वाक्य आधी निघालं. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि भांडणात शेवटचं बोलणं आपलं असावं एवढी हौस.

परवा दाजी दुकानात आले. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. गाल आत गेलेत त्यांचे. तू गेल्यापासून ते धड जेवत नाहीत, असं सुरेखा सांगत होती. मी त्यांना वर घरी घेऊन गेलो. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "दिगंबर, एक खरं सांगशील का?"

"विचारा दाजी."

"नांदेडला डाक्टरनं तुला आत घिऊन सांगितलं. तू बाहेर येऊन बिमारी न्हाई म्हनलास. ते तिच्या जिवाला बरं वाटावं म्हनून म्हनलास ना? आली व्हती ना परत?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुढं म्हणाले, "मला वाटून राहिलं, मीच तिला येळेवर नेलं न्हाई. वरीसभर तिच्या पायाचं बघत व्हतो. त्या दिवशी तुमचं भांडन झालं, तवा मी आत बसून ऐकलं, उठून बाहेर आलो न्हाई. येऊन तुला थांबवलं असतं तर..."

अक्का, खरं सांगायची याहून सरळ वेळ मला परत मिळणार नाही.

"व्हय दाजी," मी म्हणालो. "आली होती परत. सगळीकडं पसरली होती."

"मंग आपल्या हातात काहीच नव्हतं."

"न्हाई."

त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. त्यांच्यासाठी खोटं बोललो, असं म्हणायला मला आवडेल. निम्मं त्यांच्यासाठी होतं.

माझ्या बायकोनं ताट केलं. दाजी आधी नको म्हणाले, मग बसले. वरणात भाकरी कुस्करून घेतली, दुसऱ्यांदा भाजी मागितली, मिरची मागून घेतली. महिनाभरानंतर माणूस पोटभर जेवला. मी समोर बसून त्यांना वाढत होतो.